पात्यांखालची विभूती

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. छताकडे बघू नका, तिथे मी नाही. मी टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या पोटात असतो, जेमतेम तळहाताएवढा. माझ्या खाली ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा आहे आणि त्या ठोकळ्याखाली प्रोसेसर. सगळी आकडेमोड तो करतो, तापतोही तोच, आणि धावाधाव मात्र माझी. तो तापला की मी जोरात, तो निवला की मी हळू. स्वस्थ बसणं माझ्या नशिबात नाही आणि खरं सांगायचं तर स्वभावातही नाही.

लातूरच्या एका दुकानात मी खोक्यात पडून होतो. तिथून निलंग्याला आलो तो एसटीने, अंजूच्या मांडीवर बसून. कंडक्टर दोनदा म्हणाला, "खोकं वर ठेवा की." तिने काही ठेवलं नाही. निलंग्यात तिच्या वडिलांचं, म्हणजे मल्लिकार्जुन आप्पांचं, किराणा दुकान आहे आणि दुकानामागेच घर.

अंजू चित्रं काढते आणि ती कॉम्प्युटरवर चालती-बोलती करते. तेव्हा ती एका हट्टी शेळीची छोटीशी फिल्म करत होती. ती फिल्म पुण्याच्या एका कॉलेजला पाठवायची, त्यांना आवडली तरच प्रवेश. आप्पांनी एकच वर्ष दिलं होतं.

"यंदा जमलं तर जा बाई. न्हाई जमलं तर गपगुमान हितंच फार्मसी."

"हाव," अंजू म्हणाली. पण त्या दिवसापासून तिची बोटं टेबलावर सारखी वाजायला लागली. घरात बेचैन असे आता आम्ही दोघे झालो.

फिल्ममधलं एकेक चित्र पक्कं करायला प्रोसेसर फार वेळ घ्यायचा. म्हणून अंजूने ओव्हरक्लॉकिंग केलं. म्हणजे कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा त्याला जास्त पळवायचं आणि त्यासाठी वीजही थोडी जास्त द्यायची. वेग मिळतो, पण उष्णता वाढते. थंडीच्या दिवसांत तिने हे शहाण्यासारखं केलं. वेग एकेक पायरी वाढवायची, पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा बघायचा, तो सत्तरच्या आसपास राहिला तरच पुढची पायरी. "शाब्बास रे पंख्या!" असंही म्हणायची. कौतुक कुणाला आवडत नाही? मी नुसता गरगरायचो.

आता आप्पांचं ऐका. रोज सकाळी लिंगपूजा झाली की ते दुकानात येत आणि चिमटीतली विभूती तराजूला लावत, गल्ल्याला लावत. ज्याच्यावर घराची भिस्त, त्याला लावायची, अशी त्यांची रीत. लेकीचं मशीन आलं तेव्हा तो मान त्यालाही मिळाला. पुढच्या जाळीवर तीन बोटं. पण तराजू हवा ओढत नाही, मित्रांनो, मी ओढतो. ती बारीक राख रोज आत येत होती आणि माझ्या पात्यांखालच्या पट्ट्यांत बसत होती. मला सगळं दिसत होतं. सांगणार कसं? मला फक्त घरघरता येतं.

उन्हाळा चढला तसा आकडा ऐंशीवर गेला, मग नव्वदच्या पुढे. अंजूने माझा वेग पूर्ण वाढवला. कॉम्प्युटरच्या बाजूचा पत्रा काढून शेजारी टेबलफॅन लावला. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा एक चिकट लेप असतो. तो सुकला असेल म्हणून लातूरहून नव्या लेपाची नळीही आणली. पण ऐन घाईत सगळं खोलायचं तिला धाडस होईना. आणि दिवस कमी उरले म्हणून तिने केलं काय, तर वेग आणखी वाढवला! मी जिवाच्या आकांताने फिरत होतो.

आप्पांना तिची घालमेल दिसत होती.

"मशीन लई तापायलंय का गं?"

"हाव, आप्पा."

बिचारे आप्पा! दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हात सैल सोडला. पत्रा काढलेलाच होता, त्यामुळे विभूती थेट माझ्या तोंडावर. जितकी काळजी जास्त तितकी राख जास्त. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याकडे बघून वाईटही वाटायचं.

फिल्म पाठवायच्या आदल्या दिवशी दुपारी शेळी नदीत उतरली आणि मशीन बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. जळून जाऊ नये म्हणून प्रोसेसर असा स्वतःच थांबतो.

"ह्या पंख्यानंच घात केला!" अंजू ओरडली. तिने स्क्रू काढले आणि मला उपटून खाटेवर फेकलं. मग तिचं लक्ष ठोकळ्याकडे गेलं. पट्ट्यांवर पांढरा जाड थर बसला होता. तिने बोट लावलं, नाकाशी नेलं.

"आप्पा, ही विभूती हाय."

आप्पा दारात उभे होते. ते तिथेच खाली बसले. "म्हंजी तुझं वर्ष मीच बुडवायलो होतो व्हय, माय?"

अंजूला रडू फुटलं. "मी बी काय कमी केलं, आप्पा? त्याला निवू द्यायचं सोडून अजून पळवलं."

तिने ठोकळा काढला आणि झटकायला अंगणाकडे निघाली. आप्पांनी तिचा हात धरला. "हितं नगं झटकू. पायाखाली येती." त्यांनी पूजेचं ताट आणलं, ठोकळा त्यात ठेवला आणि अंजूचा रंगाचा ब्रश घेऊन बसले. विभूती पायदळी जायला नको, म्हणून एकेका फटीतला कण न कण त्यांनी ताटात उतरवला. झटकून निम्मी राख आतच राहिली असती. माझंही एकेक पातं त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसलं. इतक्या मायेने मला कुणी कधी हात लावला नव्हता.

अंजूने तांदळाच्या दाण्याएवढा नवा लेप लावला, आम्हाला परत बसवलं आणि वेग स्वतःहून खाली आणला.

"आता वेळ लागंल, आप्पा."

"लागू दे."

आकडा सत्तरच्या खाली उतरला आणि तिथेच राहिला. दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं, आणि आप्पा स्टुलावर बसून त्या आकड्याकडे बघत होते. शेळी नदीपार झाली. फिल्म वेळेत गेली आणि अंजूची निवड झाली. निघताना आप्पांनी विभूती तिच्या कपाळाला लावली. मला नुसते हात जोडले.

मित्रांनो, तुमच्या घरातलं मशीनही असंच मुकाट्याने तापत असेल. त्याला झेपेल तेवढंच पळवा. अधूनमधून उघडून त्याची धूळ काढा. आणि ज्याच्यावर जीव आहे, त्याला काय सोसतं तेही जरा बघत चला.

आता मी पुण्याला, हॉस्टेलच्या खोलीत असतो. रोज संध्याकाळी आप्पांचा फोन येतो. तू कशी आहेस, करमतं का, हे त्यांना विचारता येत नाही. ते एवढंच विचारतात, "मशीन तापायलंय का गं?"

"न्हाई, आप्पा," अंजू म्हणते, "समदं बरं हाय." मग ती फोन ठेवते, डोळे पुसते आणि कामाला बसते.