सुनेच्या ताटातली चपाती

कमळाबाईंच्या चपातीला नाव ठेवणारा माणूस अख्ख्या काळाचौकीत शोधून सापडला नसता, आणि नेमकी त्यांचीच सून ती चपाती खात नव्हती. आता काय बोलायचं याला? नवरा गेल्यापासून बाईंनी चपात्यांच्या ऑर्डरींवर घर रेटलं. अजितला शिकवलं, नोकरीला लागलेला पाहिला, त्याचं लग्न लावलं. उजाडायच्या आत परातभर कणीक तिंबायची आणि लालबागपर्यंतचे डबे भरायचे, हा त्यांचा नेम. आणि घरात सून आली ती तांदळाची भाकरी मागणारी! "माझ्या चपातीनं म्हणे हिचं पोट दुखतं," असं त्या चाळभर सांगत सुटल्या. ऐकणाऱ्या बायकांना तेवढीच करमणूक झाली.

पण मायाचं पोट खरंच दुखायचं. फुगून टम्म व्हायचं, जुलाब लागायचे, केस हातात यायचे, अंगात रक्त ठरायचं नाही. नाक्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, सिलिअ‍ॅक दिसतोय, गहू बंद करा. म्हणजे चपातीच नव्हे, पाव, बिस्किटं, रवा, शेवया, सगळंच बंद. गहू पोटात गेला की हिचं शरीर आपलंच आतडं कुरतडतं, असा तो आजार. मायानं गहू सोडला. बरं वाटलं, पण अर्धंमुर्धंच. एका खोलीत रोज शंभर-दीडशे चपात्या लाटल्या जातात, पीठ उडतं, ते भांड्यांवर बसतं, पाण्याच्या हंड्यावर बसतं. तिथं पूर्ण बरं कसं वाटणार? घरच्यांनी मात्र सरळ हिशेब केला: गहू सोडूनही हिचं दुखणं थांबत नाही, म्हणजे दुखणं गव्हाचं नाहीच.

त्यात दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं आटोपलं. दुसऱ्या वेळी हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा माया भिंतीकडे तोंड करून पडली होती. कमळाबाई चहा घेऊन आल्या, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अंगात अन्नच नाय तर पोर टिकणार कशावर? दोन चपात्या खाल्ल्या असत्यास तर आज ही पाळी नसती आली." बाई वाईट होत्या म्हणून नव्हे, त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. मायानं तो चहा प्यायला नाही.

शेवटी ती परळच्या मोठ्या हॉस्पिटलात गेली. तिथल्या पोटाच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या, पण नीट समजावणाऱ्या होत्या.

"नुसत्या रक्तावरून मी खात्री देणार नाही," त्या म्हणाल्या. "तोंडातून नळी घालून आतड्याचे तुकडे काढावे लागतील. पण तुम्ही गहू सोडलाय. सोडला की आतडं भरून येतं आणि तुकड्यात काही दिसत नाही. म्हणून आधी दोन महिने रोज गहू खायचा. दोन चपात्यांएवढा तरी."

"म्हणजे आधी मी आजारी पडायचं?"

"हो. सॉरी, पण हो."

"आणि तपासणी करून पुढं काय?"

"सिलिअ‍ॅक ठरला तर घरातलं पीठ घराबाहेर काढायचं, वर्षभर काटेकोर जेवण ठेवायचं आणि मग बाळाचा विचार करायचा. नाही ठरला तर दुसरं कारण शोधायचं. नुसत्या अंदाजावर तुम्ही तिसऱ्यांदा त्यातून जाऊ नये, असं मला वाटतं."

माया छत्तिशीत होती. तिसरी वेळ ही शेवटचीच, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती म्हणाली, खाते.

घरी कमळाबाईंना केवढा आनंद! "बघ, मोठ्या डॉक्टरनं पण चपातीच खायला सांगितली की नाय?" तपासणीसाठी सांगितलीय, औषध म्हणून नाही, हे अजितनं दोनदा समजावलं. पण बाईंच्या कानावरून गेलं. त्यांनी तव्यावरची गरम चपाती थेट मायाच्या ताटात टाकली, वर तूप सोडलं आणि पदरानं हात पुसत समोर उभ्या राहिल्या. मायानं पहिला घास घेतला. खरं सांगायचं तर चपाती सुंदर होती, मऊसूत, पदर सुटलेली. तिला रडूच आलं. बाईंना वाटलं, चवीनं भरून आलं.

चौथ्या दिवसापासून हाल सुरू झाले. चाळीतला संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याचा मिळून. माया बादली घेऊन तिथं रांगेत उभी राहायची, पोट दाबून, घामानं निथळत, आणि पुढच्या माणसाला "जरा मला जाऊ दे ना" असं म्हणायची लाज वाटून गप्प बसायची. दिवसातून पाचदा, सहादा. विम्याच्या ऑफिसातून सुट्टी घ्यावी लागली. तोंडात फोड आले, पायांतलं बळ गेलं. आणि तरी रोज दोन चपात्या. विष आहे हे माहीत असून भाजीला लावून लावून गिळायचं, याला काय म्हणावं? अजित म्हणायचा, "होईल गं, दोनच महिने तर काढायचेत." त्याचं काय जात होतं म्हणायला!

पंधरा दिवसही झाले नसतील, एका दुपारी ती गॅलरीतच कोसळली. बादली गडगडत जिन्यापर्यंत गेली. कमळाबाई लाटणं टाकून धावल्या. साडी खराब झाली होती, शेजारपाजारची दारं उघडली होती. बाईंनी एका हाकेत सगळ्यांना आत पिटाळलं, सुनेला उचलून मोरीत नेलं, स्वतः धुतलं, पुसलं, कपडे बदलले. मायाच्या पाठीचे मणके त्यांच्या हाताला लागत होते. त्या काहीच बोलल्या नाहीत. या बाईचं न बोलणं मायानं लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ऐकलं.

संध्याकाळी त्या उशाशी येऊन बसल्या. "माया, हे सगळं खरं होतं का गं? पहिल्यापासून?"

"हो आई."

"आणि मी म्हणत होते नखरे." त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. "ती दोन पोरं..." 

माया त्या हाताखाली डोळे मिटून पडून राहिली. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते हेच होतं. कुणीतरी मानलं. पोटात पिळे पडत होते, तरी तिला क्षणभर सुख वाटलं.

दुसऱ्या दिवशी कमळाबाई म्हणाल्या, "चपाती काय तुला गिळवत नाय. मी रव्याची खीर करून देते, पातळ. रवा म्हणजे गहूच ना?" मायानं फोन करून विचारलं. हॉस्पिटलातून सांगितलं, चालेल, रवा मोजून घ्या. मग रोज सकाळी गूळ, दूध, वेलची घातलेली मोठी वाटीभर खीर यायला लागली. बाई शेजारी बसून ती संपवायला लावायच्या, मग तिच्या केसांना तेल लावायच्या. हळूहळू संडासाच्या फेऱ्या कमी झाल्या. तोंडातले फोड गेले. मायाला याचीच धास्ती वाटली. हे काय, दुखणं थांबलं कसं? अजित म्हणाला, "शरीराला सवय झाली असेल. चांगलंच आहे की!" तिनंही स्वतःची तशीच समजूत घातली. माणसाला बरं वाटायला लागलं की तो फार खोलात जात नाही.

तपासणीच्या दिवशी उपाशी पोटी नेलं. भूल नव्हती, घशात कडू फवारा मारला तेवढाच. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांत प्लॅस्टिकची कडी दिली. "गिळा, गिळा, शाबास," म्हणत नळी आत सरकवली. घसा उलटा होऊन बाहेर येतोय असं वाटलं. डोळ्यांतून, नाकातून पाणी, तोंडातून लाळेची धार, आत हवा भरत चाललेली, श्वास कुठून घ्यायचा ते कळेना. तिनं टेबलाची कड पकडली. नर्सनं तो हात हळूच सोडवून आपल्या हातात धरला. "हलू नका, तुकडे घेतोय." आत काहीतरी चिमटा घेतल्यासारखं ओढलं जात होतं, पुन्हा, पुन्हा. माया मनात एकच घोकत होती: एकदाच, हे एकदाच, पुन्हा नाही.

रिपोर्ट घ्यायला तिघंही गेले. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. "आतडं व्यवस्थित आहे. रक्तातली गव्हाची तपासणीही नॉर्मल. गहू खात होता ना नियमित?"

"रोज," माया म्हणाली.

"मग सिलिअ‍ॅक नाही म्हणायला हवं. गहू खायला हरकत नाही. आपण दुसऱ्या तपासण्या करू, रक्ताचे डॉक्टर बघतील, कदाचित कमरेच्या हाडातला मगज काढून तपासावा लागेल..." पुढचं मायाला ऐकू आलं नाही. म्हणजे ती खोटं बोलत होती? सगळी वर्षं? तिचं पोट तिला फसवत होतं, की डोकं? कमळाबाई खुर्चीवर दगडासारख्या बसल्या होत्या. अजितनं मात्र हुश्श केलं. येताना त्यानं श्रीखंड घेतलं.

घरी त्यानं स्वतः पानं मांडली. आज सगळ्यांचं एकच जेवण, म्हणाला. सकाळच्या ऑर्डरीतल्या चपात्या डब्यात होत्या. त्यानं एक मायाच्या ताटात ठेवली. "चल, झालं गेलं विसर. काही नव्हतंच बघ, उगाच घाबरत होतो." मायानं तुकडा मोडला. आता नाही म्हणायला तिच्याकडे काय उरलं होतं?

कमळाबाईंनी तिचा हात धरला. "नको खाऊस."

"आई, आता तू पण?" अजित हसला.

"रिपोर्ट खोटा आहे. मी खोटा केला." त्यांनी मायाच्या हातातला तुकडा काढून घेतला. "त्या खिरीत गहू नव्हता. इडलीचा रवा आणला होता, तांदळाचा. ही गॅलरीत पडली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

माया पानावरून उठली.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" माया ओरडली. सासूसमोर आवाज चढवायची ही तिची पहिलीच वेळ. "मी सांगितलं होतं? डॉक्टरांनी सांगितलं होतं?"

"तुझे हाल बघवत नव्हते गं. वाटलं, थोडा गहू गेलाय पोटात, तेवढ्यात कळेल त्यांना. मशीन असतं ना त्यांच्याकडं... मला काय ठाऊक, असं होतं म्हणून."

"का धंदा वाचवायचा होता? सिलिअ‍ॅक निघाला असता तर परात बाहेर काढावी लागली असती!"

कमळाबाईंच्या चेहऱ्यावर कुणी मारल्यासारखं झालं. "धंद्यासाठी केलं असतं तर आज तोंड उघडलं असतं का? खाऊ दिली असती तुला चपाती."

मायाला ते पटलं. पटलं म्हणूनच तिला जास्त रडू आलं. सासू पहिल्यासारखी तिला नखरेल म्हणत राहिली असती तर तिनं दोन महिने बिनचूक चपात्या वाढल्या असत्या आणि आज रिपोर्ट हातात असता.

अजितनं आपलं ताट पुढं ओढलं. "आई, तू हिच्यावर माया करतेस म्हणून काहीतरी बोलतेयस. रिपोर्ट मशीनचा आहे. नॉर्मल म्हणजे नॉर्मल." आणि तो जेवायला लागला. माया त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस आता कधीच मानणार नाही, तिला कळून चुकलं.

डॉक्टरीणबाईंना फोन केला तेव्हा त्यांनी सगळं पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "मग या रिपोर्टला काही अर्थ नाही. मनाची तयारी असेल तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. दोन महिने, आणि मग नळी. मी आग्रह करणार नाही."

"आणि नाही केलं तर मूल..."

"अंदाजावर. तुमची मर्जी."

माया दोन दिवस नुसती पडून राहिली. कुणाशी बोलली नाही, ऑफिसला गेली नाही. तिच्यात पुन्हा त्या रांगेत उभं राहायचं बळ नव्हतं. ती नळी पुन्हा घशात घालून घ्यायची नव्हती. आणि ते सोडून द्यायचं म्हटलं तर वर्षं थांबणार नव्हती. कुठंही वळलं तरी सुटका नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, तोंड धुतलं आणि परातीपाशी येऊन बसली.

"आई, वाढा."

"नाय." कमळाबाईंनी हात मागं घेतले. "पाया पडते तुझ्या. माझ्या हातानं नाय. तू अजितला सांग, बाहेरून पाव आणू दे."

"अजितला वाटतं मला काही झालेलंच नाही. तो आणेलही, पण मी गिळला की टाकला हे बघणार नाही. मी टाकेन, आई. मला माहितीय मी टाकेन. मला जे होतं ते खरं आहे, हे या घरात एकट्या तुम्हालाच ठाऊक आहे. तुम्हीच बसायला हवं समोर."

कमळाबाईंनी परात जवळ ओढली. मग एक गोळा घेतला, लाटला, तव्यावर टाकला. तूप लावलं नाही. चपाती ताटात ठेवून त्या समोर मांडी घालून बसल्या. मायाचे हात मांडीवर तसेच पडून होते, ते वर उचलेनात. तेव्हा त्यांनीच तुकडा मोडून तिच्या तोंडात घातला.

माया चावत राहिली. चावलं, पण गिळवेना. डोळे भरले, नाक लाल झालं. मग मान वर करून तिनं तो एकदाचा ढकलला.

"गेला?" कमळाबाईंनी विचारलं.

मायानं मान हलवली.

"आ कर. बघू दे."

तिनं तोंड उघडलं. कमळाबाईंनी वाकून नीट बघितलं, पदरानं आपले डोळे पुसले आणि दुसरा तुकडा मोडला.