गुत्त्यात दिलेला श्वास

घर बांधायला काढलं की माणूस आधी पत्नीशी भांडतो, मग गवंड्याशी, आणि फरशीचं काम आलं की थेट पंचांगाशी. लातूरच्या उमाशंकरअप्पांचंही तेच झालं होतं. वास्तुशांतीचा मुहूर्त ठरला, जंगम महाराजांना निरोप गेला, पत्रिका छापून झाल्या. आणि घरात अजून कोबाच होता.

अप्पांचं कापडाचं दुकान. गिऱ्हाइकाला मीटरभर कापड देताना कात्री नेमकी रेषेवरून नेणारा माणूस. फरशीचंही त्यांनी तसंच नेमकं केलं. चार दुकानं पालथी घालून आरशासारख्या टाइल्स आणल्या आणि मुदखेडच्या साहेबराव गुत्तेदाराला बोलावलं.

गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, हा शब्द अप्पांचा भारी लाडका. काम गुत्त्यात दिलं की देणारा मोकळा, असा त्यांचा हिशेब. तसा तो आपल्या सगळ्यांचाच असतो.

साहेबराव म्हणाला, "शेठ, टाइल पाणी मारत कापावी लागती. मशीन अंगणात लावतो. रोज एक ड्रम पाणी द्या, म्हंजी धूळ उडत न्हाई."

"ड्रम? अरे, लातुरात हाईस तू! इथं नळाला पाणी आलं तर आम्ही पेढे वाटतो. टँकर काय तुझा सासरा पाठवणार हाय?"

"पाठवला असता की. पर त्यो बी टँकरच्याच लायनीत उभा हाय."

दोघंही हसले. मग अप्पा सहज म्हणाले, "दुसरा गुत्तेदार कोरडं कापायला तयार हाय बरं का. बघ बाबा, तुझं तू."

साहेबरावचं हसू तिथंच आटलं. हातचं काम सोडणं त्याला परवडणारं नव्हतं. "बरं शेठ," तो म्हणाला, "कोरडं कापतो."

कापायचं काम त्याच्या पुतण्याचं, आदर्शचं. हसऱ्या तोंडाचा, नुकताच संसाराला लागलेला गडी. तोंडाला रुमाल बांधून तो अंगणात बसला आणि मशीन किंचाळलं. पांढऱ्या धुळीचा लोट भिंतीपलीकडे गेला, तो थेट शेजारच्या चांगुणाबाईंच्या गच्चीवर. तिथं उन्हाळ्याचं वाळवण पसरलेलं.

"अहो अप्पा!" वरून आवाज आला. "माझ्या कुरडयांवर तुमची फरशी बसायली! लेकीच्या सासरी धाडायच्या हाईत त्या!"

"मजबूत होतील की काकू!"

थट्टा केली खरी. पण जन्माच्या शेजाऱ्याशी वाकडं कोण घेणार? अप्पांनी तोड काढली. मशीन आतल्या झोपायच्या खोलीत नेलं, खिडक्या लावून घेतल्या, आणि दाराच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं. कुरडया वाचल्या. धूळ घरातच राहिली. आदर्शही.

दुपारी तो भाकरी खायला बाहेर आला, तेव्हा अप्पांची म्हातारी आई शरणम्मा ओट्यावर बसली होती. त्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. तो भिंतीला धरून खोकत होता, आणि खोकला संपत नव्हता.

"उमा, ह्या पोराला बघ जरा. त्याला दम लागायलाय."

"अव्वा, ते कामच तसलं असतंय. आणि गुत्त्यात दिलंय आपण. आपल्याला काय?"

"सवय हाय, आजी," आदर्श म्हणाला. तेवढं बोलायलाही त्याला दोनदा थांबावं लागलं.

फरशी निम्म्यावर आली तेव्हा टाइल्सचं खोकं घेऊन जिना चढताना तो मधेच खाली बसला. ओठ निळे पडले होते. साहेबरावनं आणि अप्पांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. तो उजेडासमोर धरून त्यांनी साहेबरावला विचारलं,

"कोरडं किती वर्षं कापतोय हा?"

"मिसरूड फुटलं तवापसून," साहेबराव म्हणाला.

"दगडाची भुकटी फुप्फुसात बसली आहे. औषधानं त्रास थोडा कमी होईल. पण बसलेली भुकटी निघत नाही."

साहेबरावनं डोकं धरलं. अप्पांच्या छातीवरचं ओझं मात्र उतरलं. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलंसुद्धा, "जुनं दुखणं हाय, अव्वा! आपल्याकडचं न्हाई."

"आपल्याकडचं न्हाई?"

"त्यानं आजवर किती घरं केली असतील! आपलं शेवटचं. आपल्या वाट्याला कितीसं येतंय?"

शरणम्मा त्यांच्याकडं वळली. "लई चोख हिशेब केलास. जा, त्या सगळ्या घरवाल्यांना इचारून ये. प्रत्येक जण हेच सांगंल. पहिला म्हणंल, एवढ्यानं काय होतंय! शेवटचा म्हणंल, आधीच झालं होतं. मग ती भुकटी त्याच्या छातीत कुणी घातली रे? वाऱ्यानं?"

अप्पा पत्रिकांचा गठ्ठा उगाच सारखा करू लागले.

"गुत्तं फरशीचं दिलं होतंस, उमा. त्याच्या श्वासाचं न्हाई! अन् खिडक्या तर तूच लावल्यास!"

अप्पा उठून त्या खोलीत गेले. मशीन तसंच पडलेलं. त्यांनी कोपऱ्यातलं धुळीनं माखलेलं पोतं नुसतं हलवलं, आणि धूळ उसळली. एकच श्वास घेतला, आणि घशात काटे भरल्यासारखा खोकला आला. डोळ्यांना पाण्याच्या धारा लागल्या. ते धडपडत बाहेर पळाले. बाप रे! आपण क्षणभर टिकलो नाही, आणि त्याला आपण दिवसभर आत कोंडलं होतं! शेजारणीच्या कुरडयांची काळजी केली, माणसाची नाही!

मुहूर्त पुढं गेला. नातेवाइकांनी नावं ठेवली, ती अप्पांनी ऐकून घेतली. टँकर मागवला. मशीन अंगणात आलं, कापायला साहेबराव स्वतः बसला, पात्यावर पाण्याची धार लागली, आणि तेच पाणी टबात धरून पुन्हा वापरलं. पाणी लागतं ते एवढंच, हे तेव्हा कळलं. अप्पांनी सगळं सांगितल्यावर चांगुणाबाईंनी आपणहून वाळवण आत नेलं.

मग अप्पा मुदखेडला गेले. आदर्श दारात उशांना टेकून बसला होता. आडवं झालं की दम कोंडायचा. त्याची बायको महामाया पदरानं वारा घालत होती. अप्पांनी हात जोडले. "माझं चुकलं, बाबा."

"तुमचं... एकट्याचं न्हाई, शेठ," तो म्हणाला.

हे ऐकून अप्पांना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. महामायेनं त्यांच्याकडं एकदाही पाहिलं नाही.

औषधपाण्याला अप्पांनी हात आखडला नाही. पण पश्चात्तापानं फुप्फुसं धुतली जात नाहीत. श्रावण लागायच्या आत आदर्श गेला.

वाचकहो, उद्या तुमच्याही घरी फरशी बसेल. गुत्तेदाराशी दर ठरवण्याआधी विचारा, मशीन कुठं लावणार? पाणी किती देऊ? तोंडाला बांधायला रुमाल आहे की धूळ अडवणारा चांगला मास्क? तो खर्च टाइल्सच्या खर्चातच धरा. जमत नसेल, तर थांबा. कोब्यावरही संसार होतो. पण दुसऱ्याचा दम तोडून बसवलेली फरशी कितीही पुसली, तरी तिच्यात आपलंच तोंड दिसतं. आणि अप्पा आजही त्या खोलीत खाली फरशीकडं बघायचं टाळतात.