तिप्पट लाभांश

भागधारकांच्या वार्षिक सभेला लोक कशासाठी येतात हे सजवून सांगण्यात अर्थ नाही. फुकटचा चहा आणि बिस्किटं यासाठी येतात. कंपनीचा छापील अहवाल वारा घ्यायला वापरतात आणि जाताना खुर्चीवरच टाकून जातात. काच कारखान्याच्या सभेला मात्र निम्मी गर्दी लाँड्रीवाल्या ताईचं भाषण ऐकायला यायची.

ताईची लाँड्री बाजाराच्या मागच्या गल्लीत. दवाखान्याच्या चादरी, लॉजचे अभ्रे, वकिलांचे काळे कोट. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता. त्याला हिनं दुसऱ्यांच्या चादरी धुऊन वाढवला. त्यानं काय शिकावं, कुठे चिकटावं, कुणाशी लग्न करावं, सगळं ताई ठरवणार आणि धाकटा मान डोलावणार. तो कारखान्यात भट्टीवर लागला त्याच वर्षी तिनं त्याच कारखान्याचे पहिले शेअर घेतले. जिथे माझ्या भावाचा घाम पडतो तिथली एखादी वीट तरी माझ्या नावावर हवी, असं तिचं म्हणणं. मग दरवर्षी लाभांश आला की त्यात पदरची थोडी भर घालायची आणि पुन्हा तेच शेअर घ्यायचे. धाकट्याच्या लग्नात लोकांनी भांडी दिली, हिनं शेअर दिले. भावजय अजून टोमणा मारायची, की ताईंच्या आहेरात साधं पाणीसुद्धा तापवता येत नाही.

आता शेअर बाजार म्हटलं की टीव्हीवरची धावणारी आकड्यांची पट्टी डोळ्यांपुढे येते. तसलं इथे काही नव्हतं. धान्याच्या गोदामावर एक लांबट खोली, भिंतीवर फळा, फळ्यावर डझनभर कंपन्यांची नावं आणि खडूनं लिहिलेले भाव. बाजार आठवड्यातून दोनदा भरायचा. कधीकधी अख्ख्या दिवसात एकच सौदा व्हायचा आणि त्यातही घेणारा नि विकणारा एकमेकांचे साडू निघायचे. ताईचा दलाल इतका संथ, की लोकांनी त्याचं नाव घाईकाका ठेवलेलं. ते म्हणायचे, भाव म्हणजे पाहुणा, आज आहे उद्या नाही. लाभांश म्हणजे घरचा माणूस. हे वाक्य ताईनं असं पाठ केलं होतं, की जणू तिनंच जन्माला घातलं. दवाखान्यातल्या नर्स, लॉजचा मॅनेजर, शाळेतल्या बाई, सगळ्यांना कपड्यांच्या घडीबरोबर हा सल्ला फुकट मिळायचा, आणि कित्येकांनी तो घेतलाही.

सभेत ताईची मागणी एकच असायची. कंपनीच्या ताळेबंदात राखीव निधी म्हणून एक जाडजूड रक्कम वर्षानुवर्षं पडून होती. ती बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. राखीव म्हणजे कुणासाठी राखीव? पैशांवर कोंबडी बसवली आहे का, पिल्लं निघायची वाट बघताय का? सभागृह हसायचं, टाळ्या पडायच्या. म्हातारे अध्यक्ष पण हसायचे आणि म्हणायचे, ताईंच्या भावना पोचल्या. भावना पोचायच्या, पैसे काही पोचायचे नाहीत.

यंदा खुर्चीवर म्हातारे अध्यक्ष नव्हते. ते गेले होते आणि त्यांचा मुलगा बसला होता. कारखान्याचा सगळ्यात मोठा हिस्सा त्याच घराण्याचा, तेव्हा बसायला दुसरं होतं तरी कोण! ताई उठायच्या आधी हाच उठला. म्हणाला, छोट्या भागधारकांची इतक्या वर्षांची मागणी मान्य करायला आपल्याला आनंद होतो आहे, राखीव निधीतून यंदा तिप्पट लाभांश वाटावा असा ठराव आहे, आणि त्याला ताईंनीच अनुमोदन द्यावं. त्यानं तिला मंचावर बोलावलं. माइक तिच्या हातात दिला. आयुष्यभर दार ठोठावलं आणि एक दिवस घरमालकानं हात धरून आत नेऊन बसवलं, असं झालं तिला. कुठल्याही शहाण्या माणसाला इथे संशय यायला हवा होता. पण हार गळ्यात पडत असताना दोरा बघायची बुद्धी कुणाला होते?

हात वर करायला सांगितलं. पुढच्या रांगांतले हात पटकन वर गेले. मागे भट्टीवरचे कामगार बसले होते. त्यांच्याकडेही थोडेथोडे शेअर होते. तिथले हात मात्र उठेनात. ताईनं मागे बघितलं, सरळ धाकट्याकडे. तो खाली मान घालून नखं बघत होता. मग त्यानं वर पाहिलं, तिची नजर भेटली आणि त्याचा हात वर गेला. तो गेला म्हणून त्याच्या शेजारच्यांचेही गेले. ठराव एकमतानं मंजूर झाला.

राखीव निधी राखला कशासाठी होता, हे त्या सभेत एकाही माणसानं विचारलं नाही. ताईनंही नाही. पैसा का पडून आहे, असं ती वर्षानुवर्षं ओरडत होती. पण तो प्रश्न नव्हताच, ती शिवी होती. उत्तर ऐकायला ती कधी थांबली नव्हती.

लाभांश आला. गल्लीत ताईचा भाव शेअरपेक्षा वर गेला. नर्स पेढ्यांऐवजी केक घेऊन आल्या, लॉजच्या मॅनेजरनं तिला खाली वाकून नमस्कार केला. पंधरा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी ताईनं इस्त्री बंद केली, कामाच्या पोरीला गल्ल्यावर बसवलं आणि आलेल्या पैशांचे आणखी शेअर घ्यायला गोदामाचा जिना चढली.

वर पाऊल टाकलं आणि तिला पहिली गोष्ट दिसली ती ही, की घाईकाका उभे होते. त्यांना उभं राहिलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं. दोन्ही कानांना दोन फोन, कपाळावर घाम. दुसरी गोष्ट दिसली फळ्यावर. काच कारखान्याच्या नावापुढचा भाव इतक्या वेळा पुसून लिहिला होता, की तिथे फळा पांढरा झाला होता.

लाभांश दिल्यावर भाव थोडा उतरतोच, एवढं तिला कळत होतं. उलट बरंच झालं, पडत्या भावात जास्त येतील. तिनं पर्स उघडली आणि घाईकाकांना म्हणाली, सगळ्याचे लावा.

घाईकाकांनी फोन खाली ठेवले. तिच्याकडे असं बघितलं, की ती मागे वळून बघू लागली, आपल्यामागे कोण उभं आहे म्हणून.

"ताई, तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

काय सांगितलं नाही ते त्यांनी हळूहळू सांगितलं, कारण भरभर बोलायची त्यांना सवय नव्हती. अध्यक्षाचा मुलगा लाभांश हातात पडल्यापासून घरचे शेअर विकत होता. थोडे या दलालाकडून, थोडे त्या दलालाकडून, गाजावाजा न करता. आज कळलं, की भट्टी विझवतायत.

ताई हसली. खरंच हसली. भट्टी विझवत नसतात, असं तिनं त्यांना लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. दिवसरात्र पेटलेली असते ती. आतली काच थिजली की भट्टी मेली. शहरात पाणी शिरलं होतं तेव्हा माझा भाऊ कमरेएवढ्या पाण्यातून कामावर गेला होता, ते काय उगाच? घाईकाकांनी तिला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले, वितळलेली काच भट्टीच्या विटा खाते. काही वर्षांनी भट्टी विझवून नव्यानं बांधावीच लागते, आणि त्याला पैसा लागतो डोंगराएवढा. म्हातारे अध्यक्ष दरवर्षी मुंगीसारखा तो बाजूला टाकत होते.

"तोच तो राखीव निधी, ताई. विटा संपल्या आणि बांधायला पैसा नाही. आपण सगळ्यांनी वाटून खाल्ला."

ताईच्या हातातली पर्स उघडीच होती आणि ती बंद कशी करतात हे तिला आठवेना. तिनं विचारलं, तुम्हाला हे आधी माहीत होतं? घाईकाका म्हणाले, राखीव कशासाठी आहे ते माहीत होतं. पण मला वाटलं तुम्ही सगळं विचारूनच बोलताय, भाऊ तिथलाच ना तुमचा.

फोन वाजला. घाईकाकांनी ऐकलं आणि तो हातानं झाकून धरला. शाळेतल्या बाई होत्या. भाव उतरलाय तर आणखी घेऊन टाकू म्हणत होत्या, ताईंनी तसंच शिकवलंय. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, की आज अख्ख्या बाजारात घेणाऱ्या या एकट्याच आहेत. ताई, तुमचे विकायचे असतील तर हीच वेळ.

आता इथे ताईला संत करून ठेवायचं कारण नाही. तिच्या मनात आलं. आयुष्यभराच्या चादरी डोळ्यांपुढे आल्या आणि मनात आलं. मग तिला स्वतःचीच किळस आली.

"त्यांना सांगा घेऊ नका म्हणून. सांगा, ताई चुकली."

आणि ती जिना उतरली.

कारखान्याच्या फाटकावर तिला कुणी अडवलं नाही. भट्टीच्या शेडमध्ये ती पूर्वी एकदाच आली होती. तेव्हा भट्टी नुसती घुमत होती, पोट भरलेल्या जनावरासारखी. आज तिच्या बुडाशी भोक पाडलं होतं आणि त्यातून नारिंगी काच जाड धारेनं खालच्या पाण्याच्या हौदात पडत होती. पडली की तडतड फुटत होती. हजार घरांतली काचेची भांडी एकदम खाली टाकावीत तसा तो आवाज, थांबतच नव्हता. धाकटा लांब लोखंडी गजानं ते भोक मोकळं ठेवत होता, धार मधेच थिजू नये म्हणून.

त्यानं तिला बघितलं. गज दुसऱ्याच्या हाती देऊन तो बाहेर आला. चेहरा लाल, भुवया करपलेल्या. ताई त्याच्यावर तुटूनच पडली. त्या हरामखोरानं मला मंचावर बसवून माझाच गळा कापला, आणि तुमच्यातल्या एकानं तोंड उघडू नये? इतकी माणसं भट्टीपाशी जन्म काढता आणि विटा संपल्या हे तुमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं?

"माहीत होतं," धाकटा म्हणाला.

"कुणाला?"

"सगळ्यांना. मला तर वर्षभर. आतली भिंत किती उरलीय ते मीच मोजतो."

शेडमधला आवाज चालूच होता. ताईला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिनं पुन्हा विचारलं आणि त्यानं पुन्हा तेच सांगितलं, तितक्याच साधेपणानं. सभेच्या आधी दोनदा लाँड्रीत आलो होतो, म्हणाला. तू इस्त्री करता करता भाषण पाठ करत होतीस. एकदा सुरुवात केली, तर म्हणालीस मधे बोलू नकोस, विसरायला होतं.

"मग हात का वर केलास? बाकीचे तुझ्याकडे बघून बसले होते. तू खाली ठेवला असतास तर कुणाचाच उठला नसता."

धाकट्यानं कोपरानं तोंडावरचा घाम पुसला.

"तू मागे वळून बघितलंस ना."

एवढंच. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यानं रागावून दोन शिव्या घातल्या असत्या तर ताईनं चार घातल्या असत्या आणि दोघं मोकळी झाली असती. पण तो कारण सांगत होता. ताईनं चारचौघांत बघितलं, तर आपला हात खाली कसा राहील? त्याच्या डोक्यात दुसरा रस्ताच नव्हता. तो तिनंच बुजवला होता, लहानपणापासून, एकेक करून, त्याच्या भल्यासाठी.

तिनं पर्समधले पैसे काढून त्याच्यापुढे धरले. त्यानं ते घेतले नाहीत. माझ्या शेअरचाही लाभांश आलाय की, म्हणाला, तूच नाही का दिलेस लग्नात. आतून कुणीतरी त्याला हाक मारली. धार बारीक होत होती. तो निघाला, दोन पावलं गेला आणि परत वळला. तीच मान थोडी वाकडी, शाळेचं दप्तर पाठीवर असताना असायची तशी.

"ताई, आता मी काय करू?"

ताईकडे याचं उत्तर नसायचं असं कधी झालं नव्हतं. आताही जिभेवर आलंच होतं काहीतरी, लॉजच्या मॅनेजरशी बोलते, दवाखान्यात बघते. ते तिनं गिळलं.

"मला विचारू नकोस," ती म्हणाली. "यापुढे मला विचारून काहीसुद्धा करू नकोस."

धाकट्यानं मान डोलावली.