सशाची मोकळीक

ड्रमोरच्या माळावर कुत्र्याला सशामागे सोडायचं नाही, असा कायदा होऊन आता बरीच वर्षं झाली. म्हाताऱ्या इशबेलला तो कायदा तोंडपाठ होता, पण तिच्या उजव्या हाताच्या तो गावीही नव्हता. सकाळी आपल्या फिन कुत्र्याला दोरी बांधून ती माळावर निघाली, की हेदरची झुडपं जराशी सळसळली तरी तो हात दोरीवर आवळला जायचा. आणि हात आवळला की तरुणपणच्या एका नोव्हेंबर महिन्यातलं माळरान डोळ्यांपुढे यायचं. मग या वयातही तिचा श्वास जोरात चालायला लागे.

त्या दिवशी हवा कोरडी आणि झोंबरी होती. थंडीच्या चाहुलीनं डोंगरातल्या सशांची लव अर्धीअधिक पांढरी झाली होती. माणसांची एक लांब रांग हेदर तुडवत पुढे सरकत होती, आणि रांगेच्या मधोमध इशबेलचा काका आर्ची दोन उंच, राखाडी, केसाळ डिअरहाउंड कुत्री एका जोडपट्ट्यात धरून चालला होता. सशामागे कुत्री पळवण्याच्या या शर्यतीचा सगळा जीव त्या पट्ट्यात असे. ससा उठला की पट्टेकऱ्यानं कुत्र्यांबरोबर पळत सुटायचं, सशाला त्याच्या हक्काची मोकळीक, म्हणजे पुढे निघून जायला अंतर, द्यायची, आणि मोकळीक पुरी झाली की वादी ओढून दोन्ही गळपट्टे एकाच झटक्यात उघडायचे. मग ससा, कुत्री आणि त्यांच्यामागे घोड्यावरून पंच. सशाजवळ आधी कोण पोचलं आणि त्याला कुणी किती वेळा वळायला लावलं, यावर गुण मिळत. ससा बहुतेक वेळा निसटून जाई, आणि गेला तर लोक टाळ्या वाजवत.

ती मोकळीक मोजायला फूटपट्टी नव्हती. आर्ची म्हणायचा की ती हातात असावी लागते. तो पट्टा आपल्या हातात यावा हे इशबेलचं लहानपणापासूनचं वेड होतं. आठ-नऊ वर्षांची असताना तिनं परसातल्या दोन शेळ्या जोडपट्ट्यात अडकवून सराव केला होता, आणि शेळ्यांनी तिला आईच्या कोबीच्या वाफ्यातून फरफटत नेलं होतं. आईच्या चार चापट्या खाऊनही वेड गेलं नाही. पण ड्रमोरच्या माळावर तोवर एकाही बाईनं पट्टा धरला नव्हता. बायकांनी फार तर चहाचे थर्मास धरावेत, अशी तिथली रीत.

दुपारी आर्चीचा पाय काळ्या दलदलीच्या खड्ड्यात गेला आणि मुरगळला. तो हेदरमध्ये उताणा पडून देवादिकांना शिव्या घालत होता, दोन्ही कुत्री त्याच्या छातीवरून उड्या मारत होती, पण पट्टा काही त्यानं सोडला नाही. घोड्यावरचे पंच हेक्टर लोगी जवळ आले, तेव्हा आर्चीनं तो पट्टा सरळ पुतणीच्या हातात कोंबला.

"हिच्या हाताला कळतं," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा लवकर कळतं. विचारू नका, बघा."

लोगीसाहेब मोजकं बोलणारे. उरलेल्या शर्यतींत कुत्री तिनं सोडावीत, हात साफ असला तर पुढच्या हंगामापासून पट्टा तिचाच, एवढं सांगून त्यांनी घोडा वळवला. इशबेलचे पाय जमिनीवर ठरेनात. पहिल्या जोडीच्या वेळी तिनं वादी ओढली आणि दोन्ही कुत्री एका दमात सुटली. दुसरी जोडीही तशीच. रांगेतून कुणीतरी 'वा' म्हटलं आणि तिचे कान तापले.

राहिली शेवटची, चषकाची जोडी. तिथे गाठ पडली ती तिच्याच रोनाची आणि शेजारच्या मळ्यावरच्या मर्डोच्या बॅनची.

रोनाला तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. तोंडाभोवती पांढरी झालेली ती कुत्री पहिल्यांदाच शेवटच्या जोडीत आली होती, आणि पुढच्या वर्षी तिला इतकं पळवणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तिची गंमत अशी, की ती सुटायची विजेसारखी, पण चढावर तिचा दम उखडायचा. बॅन सुरुवातीला सुस्त असायचा, पण एकदा लागला की दिवसभर पळेल. म्हणजे मोकळीक थोडी कमी पडली तर रोनाचं फावणार, जास्त झाली तर बॅनचं. हे इशबेलला कळत होतं तसं मर्डोलाही कळत होतं. त्यानं तोंडातला पाइप काढला, मिशीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला,

"छान आहे. लेक परीक्षेला आणि आईच्या हातात घंटा."

लोक हसले. इशबेलही हसली, पण वाक्य काट्यासारखं आत रुतून बसलं. कुत्री मागे घे नाहीतर पट्टा खाली ठेव, असं मर्डोचं म्हणणं होतं. नियमात तसं काही नाही, आर्ची उभा राहू शकत नाही आणि दिवस मावळत चाललाय, असं लोगीसाहेबांनी सांगितलं. इशबेलनं रोनाच्या गळ्यात लाल पट्टा चढवला, बॅनच्या गळ्यात पांढरा, आणि रांग पुढे निघाली.

ससा उठला तो अगदी तिच्या पायापाशी. मोठा दांडगा नर, पाठीवर पांढऱ्या चट्ट्यांचा. त्यानं कान पाडून उताराकडे धूम ठोकली. दोन्ही कुत्र्यांनी असा हिसडा दिला की तिचा खांदा निखळतोय की काय असं वाटलं. ती पळत सुटली. बूट हेदरमध्ये अडकत होते, वारा डोळ्यांत घुसत होता, काळीज नुसतं धडधडत होतं. इतकी मजा तिला आयुष्यात कधी आली नव्हती. ससा लांब होत गेला, आणि मग तिच्या हाताला कळलं. आत्ता.

त्याच क्षणी मर्डोचं वाक्य कानात वाजलं. लोक म्हणतील, लेकीसाठी लवकर सोडला. ती तशीच पळत राहिली. रोनानं धावता धावता मान वळवून एकदा तिच्याकडे पाहिलं. आणखी थोडं पळून इशबेलनं वादी ओढली.

पुढचं सगळं तिला अजून जसंच्या तसं दिसतं. रोना जमिनीला पोट घासत सुटली, बॅन तिच्या दोन हात मागे. सशानं उतार सोडून चढ धरला. रोना त्याच्या जवळ जात होती, अजून जवळ, आणि सगळी रांग ओरडत होती, थर्मास धरणाऱ्या बायकासुद्धा. शेपटीला तोंड लागणार एवढ्यात चढानं रोनाला धरलं. बॅन बाजूनं पुढे गेला आणि सशाला वळवलं. ससा वळला तो रोनाच्याच पुढ्यात, तिनं पुन्हा वळवलं, पुन्हा बॅननं. दगड उडत होते, कुत्री घसरत होती, ससा दोघांच्या मधून सुळकन निघाला आणि काळ्या कपारीत शिरला. माळ टाळ्यांनी दणाणला. लोगीसाहेबांनी जिंकणाऱ्याच्या गळपट्ट्याच्या रंगाचा रुमाल वर केला. पांढरा. बॅन जिंकला होता, एका वळणानं.

लोक इशबेलभोवती जमले. स्वतःच्या कुत्रीला तिनं जराही झुकतं माप दिलं नाही, असं जो तो म्हणत होता. मर्डोनं तर टोपी काढून तिचा हात हातात घेतला, म्हणाला की आपले शब्द तो मागे घेतो. तिलाही क्षणभर बरं वाटलं. तेवढ्यात लोगीसाहेब घोड्यावरून उतरून जवळ आले.

"उशीर केलास," ते हळू आवाजात म्हणाले.

"साहेब, लोक म्हणाले असते..."

"लोकांना काय हवं ते म्हणू देत. हाताला कळलं होतं तुझ्या, मी बघत होतो. फसवलंस तू."

"कुणाला?"

त्यांनी फक्त रोनाकडे पाहिलं. ती जीभ बाहेर काढून हेदरमध्ये आडवी झाली होती आणि शेपटीनं जमीन बडवत होती, जणू चषक तिनंच मारलाय. इशबेल खाली बसली आणि रोनाच्या मानेत तोंड खुपसून रडली. मर्डोला वाटलं, हरली म्हणून रडतेय.

"पट्टा हातात असला की एकही कुत्रं आपलं नसतं," लोगीसाहेब म्हणाले. "आणि परकंही नसतं. हे जमणार असेल तर पुढच्या हंगामात ये."

पुढच्या हंगामात ती माळावर गेली. मग बंदी येईपर्यंत ड्रमोरचा पट्टा इशबेलच्याच हातात राहिला. किती मर्डो आले आणि किती टोमणे, पण पुन्हा तिचा हात ना लवकर उघडला ना उशिरा. रोना मात्र त्यानंतर चषकासाठी पळाली नाही. चुलीपुढे झोपायची आणि झोपेत पाय हलवायची.

आज सकाळी फिन एकाएकी थबकला. पुढच्या झुडपातून एक ससा उठला, पाठीवर पांढऱ्या चट्ट्यांचा, आणि कान पाडून उताराला लागला. फिननं हिसडा दिला. इशबेलचा गुडघा कुरकुरला, तरी ती चार पावलं त्याच्याबरोबर धावलीच. वारा डोळ्यांत गेला, काळीज धडधडायला लागलं. ससा लांब होत गेला. हातातली दोरी तिनं घट्ट धरून ठेवली होती, आणि सगळा जीव डोळ्यांत आणून ती बघत होती.

"आत्ता," ती मोठ्यानं म्हणाली. "पळ, रोना."

फिननं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ससा चढ चढून कपारीपाशी पोचला होता. दोरीवरची मूठ तशीच ठेवून तिनं दुसऱ्या हाताच्या बाहीनं डोळे पुसले, आणि खिशातून लाल रुमाल काढून वर धरला.