घाई कशाला

"ताई, एवढं एकच सांग. नव्या गाडीला माझा क्लॅम्प लागणार ना?" धाकट्याने चहाचा कप खाली ठेवत विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

तो हसला. माझं हे उत्तर घरात सगळ्यांना पाठ आहे. मोटारींच्या कंपनीतून परदेशातल्या भागीदारांना नव्या गाडीची ड्रॉइंग जातात, ती माझ्या हातून. ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यायचं. सीटवाल्याला सीटपुरता भाग, बाकी गाडी कापून टाकायची. मग फाइलला कुलूप, आणि किल्ली वेगळ्या वाटेने, फोनवर, पलीकडचा आवाज ओळखीचा वाटला तरच. नवरा म्हणतो, भाजीत मीठ घातलंय की नाही तेही हिच्या तोंडून निघायचं नाही.

त्याच सकाळी मी बॅटरीवाल्यांसाठी गाडीचा खालचा भाग कापून दिला होता. सायलेन्सर असतो तिथे आता बॅटरीची पेटी होती. सायलेन्सर नाही, म्हणजे तो धरून ठेवणारा क्लॅम्पही नाही. आणि धाकट्याच्या शेडमध्ये तेवढंच बनतं.

"क्लॅम्पसाठी पत्रा दाबायचा मोठा प्रेस ठरवलाय. पुढच्या आठवड्यात येतोय. बटण तूच दाबायचंस," तो म्हणाला.

"घाई कशाला? जरा थांब ना," माझ्या तोंडून निघून गेलं. म्हणायला नको होतं, तरी म्हणाले.

"झालं हिचं सुरू." तो बायकोकडे वळला. "आपलं लग्न ठरलं तेव्हा हेच. घर घेतलं तेव्हा हेच. मी सायकल शिकत होतो तेव्हाही सीट धरून मागे पळायची, आणि तोंडाने घाई कशाला, घाई कशाला."

सगळे हसले. मीही हसले. जन्मभर उठसूट तेच म्हणत आले, आता खऱ्या वेळी कोण ऐकणार?

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले. "जुन्या पुरवठादारांना आधी कळवता येईल का? त्यात माझा भाऊ आहे."

साहेब तसे वाईट नव्हते. खुर्ची पुढे केली. "महिन्याभरात जाहीर होईल. त्याआधी एकाला सांगितलं की सगळ्या बाजारात होतं. आणि तुमच्याकडून फुटलं, तर उद्या तुमच्या हातात कोण काय देईल?"

त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून जास्तच चीड आली.

प्रेस आला. मी बटण दाबलं. पहिला क्लॅम्प निघाला तो धाकट्याने फडक्याने पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. अजून कोमट होता. "ऑफिसात टेबलावर ठेव. सांग, भावाने बनवलाय." मला तिथेच रडू फुटलं. त्याला वाटलं, आनंदाने रडतेय. "वेडी आहेस," म्हणाला.

नव्या गाडीची घोषणा झाली त्या दिवशी त्याचा फोन आला नाही. सुट्टीच्या दिवशी मीच शेडवर गेले. प्रेसवर ताडपत्री होती. भावजयीने स्टूल पुढे सरकवलं आणि सरळ विचारलं, "वन्सं, तुम्हाला माहीत असणार."

मी मान खाली घातली.

"तिने सांगितलं होतं," धाकटा म्हणाला. "घाई कशाला म्हणाली होती. मीच ऐकलं नाही."

त्याने चार शब्द सुनावायला हवे होते. भांडण झालं असतं, मी रडले असते, पुढे कधीतरी मिटलं असतं. हे कसं मिटवायचं ते मला कळेना.

निघाले तेव्हा तो फाटकापर्यंत आला. "त्या बॅटरीच्या पेटीला पत्र्याचं काही लागतच असेल ना गं? एखादी पट्टी, काही?"

लागत होती. तिचं ड्रॉइंग कालच माझ्या हातून गेलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

या वेळी तो हसला नाही. "बरं," म्हणाला, आणि मी रस्ता ओलांडून जाईपर्यंत फाटकाला हात लावून उभा राहिला.