मोहर वाचला

धनेशला खोटं बोलायची सवय नव्हती. हे खोटं तर त्याला बोलावंही लागलं नाही, नुसतं गप्प बसावं लागलं.

म्हसळ्याजवळच्या त्यांच्या आंब्याच्या कलमांवर यंदा मोहर भरभरून आला आणि पाठोपाठ तो शोषणारे तुडतुडेही आले. बाप काळूराम हृदयाची झडप बदलायला नवी मुंबईला निघायचा होता. फवारणीच्या गड्याने ऐनवेळी टांग दिली आणि धनेशला कंपनीतून रजा मिळेना. "तेवढा फवारणीचा हात मारून घ्या बाबा, ऑपरेशननंतर तुम्हाला पंप उचलता यायचा न्हाय," तो फोनवर म्हणाला. धाप लागणाऱ्या माणसाला कोणी असं सांगतं? पण मोहर डोळ्यांपुढे आला की आमच्याकडे भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते. आई सोनूबाई तेव्हा लेकीकडे श्रीवर्धनला होती. जाताना तिने नवऱ्याला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली होती, की पंपाला हात लावायचा नाही. काळूरामने दम खात खात, तोंडाला रुमालही न बांधता विष मारलं.

इस्पितळात भुलीच्या डॉक्टर अमिषा यांनी विचारलंच, की फवारणी करता का. सोनूबाई शेजारी उभी होती. काळूरामने एकदा लेकाकडे पाहिलं आणि न्हाय म्हणाला. धनेश फरशी बघत राहिला.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर मध्येच बाहेर आल्या. झडप बसली होती, पण हृदय चालू होत नव्हतं. ऑपरेशनपुरतं हृदय थांबवण्यासाठी जे द्रावण दिलं, त्यात बधिर करणारं औषध होतं आणि त्याचा असर उतरत नव्हता.

"हे औषध मोडणारं एक एन्झाइम रक्तात असतं," त्या म्हणाल्या. "औषध त्या एन्झाइमला थोडं दाबतंच, पण यांचं आधीच पार कमी झालेलं दिसतंय. कीटकनाशकाने असं होतं. काही फवारलं होतं का?"

"न्हाय वो," सोनूबाई म्हणाली, "माज्या गळ्याची शपथ हाय त्यांना."

आता गप्प बसलो तर बाप जातो, हे धनेशला कळत होतं.

"फवारलं. मीच सांगितलं होतं."

डॉक्टर रागावल्या नाहीत. आता ताजा प्लाझ्मा देऊ, त्यातून ते एन्झाइम मिळेल, तोवर यंत्र रक्त फिरवत राहील, असं सांगून त्या आत गेल्या. सोनूबाई उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. तिने मुस्काटात मारली असती तर धनेशला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी हृदय चालू झालं.

श्वासाची नळी काढल्यावर काळूरामने लेकाला खुणेनं जवळ बोलावलं. सोनूबाई धनेशच्या मागेच उभी होती, पण काळूरामला ती दिसली नाही.

"आयशीला कळलंच तर माजं नाव सांग," तो कसाबसा बोलला. "तुजं मी घेतलं न्हाय."

धनेशला मागे वळून आईकडे बघवेना.

"मोहर ऱ्हायला न्हवं?" बापाने विचारलं.

"ऱ्हायला," धनेश म्हणाला.

त्या वर्षी आंबा भरघोस आला. धनेशच्या घशाखाली एक फोडही उतरली नाही.