घाटकोपरची लाईट जात नाही

आमच्या घाटकोपरची लाईट जात नाही. लोकांना याचं कौतुक वाटतं. आमच्या घराची मात्र त्यापायी पार वाट लागली होती.

जुनी चाळ पाडून टॉवर उभे राहिले, तेव्हा आम्हाला सातवा मजला मिळाला आणि आईची जन्माची शेजारीण शांताबाई पलीकडच्या इमारतीत तळमजल्यावर गेली. पुढे शांताबाईचं कमरेचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. आई रोज लिफ्टने उतरून तिच्यासाठी कालवण घेऊन जायची. एके दिवशी कधी नव्हे ती लाईट गेली आणि आई बांगड्याच्या कालवणासकट लिफ्टमध्ये अडकली. बाहेर काढल्यावर तिने जाहीर केलं, की लाईट गेलेली असताना लिफ्ट चालते हे स्वतःच्या डोळ्यांनी बघेन, तेव्हाच खाली उतरेन. गुडघे गेलेले, त्यामुळे जिना बाद. खुर्चीत बसवून उतरवतो म्हटलं तर म्हणाली, "तशी मी एकदाच जातलंय."

शांताबाई खंगत चालली होती. तिला ऐकू कमी यायचं, म्हणून फोनचाही उपयोग नव्हता. मी भेटायला गेलो की माझ्याकडे न बघता माझ्या पाठीमागे दाराकडे बघायची. मला ते बघवत नसे. दोघींची भेट न होताच ही म्हातारी गेली तर काय, या विचाराने मला अन्न गोड लागेना.

सोसायटीचा सेक्रेटरी मीच. सगळ्यांचं डोकं खाऊन जनरेटर मंजूर करून घेतला. विकणारा नोएल बोरिवलीच्या गावठाणातला. मी ऑर्डर दिली तर तो माझ्याकडे संशयाने बघायला लागला. "दादा, मस्करी नाय ना? इथं लाईट जातच नाय. मला हा एरिया दिला ना, तो नोकरीवरून काढून टाकायच्या आधीची पायरी म्हणून."

जनरेटर आला. नारळ फुटला, झेंडूचा हार चढला. मग आम्ही लाईट जायची वाट बघत बसलो. ती काही जाईना. शेवटी मी वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो.

"लाईट गेल्याची तक्रार आहे का?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"न गेल्याची."

बाईंनी चष्मा काढून मला नीट बघून घेतलं आणि माझ्या मागच्याला पुढे बोलावलं.

मग रविवारी संध्याकाळी मीच गुपचूप मेन स्विच बंद केला. जनरेटर धडधडला, लिफ्ट झकास वर आली. "आये, चल. लाईट गेली."

आई खिडकीशी गेली. "समोरच्या बिल्डिंगीत टीव्ही चालू आसा. मगे आमचीच कशी गेली?"

समोरच्या सोसायटीच्या चेअरमन वसुधाताई. त्यांच्या हातापाया पडून पुढच्या रविवारी त्यांचाही स्विच बंद करवला. आईने त्यांच्यामागची इमारत दाखवली. सातव्या मजल्यावरून फार लांबचं दिसतं, हा आमच्या फ्लॅटचा मोठा दोष आहे. मग दर रविवारी माझी पायपीट वाढत गेली. म्हातारीसाठी म्हटलं की कुणी नाही म्हणत नसे. पण अंधारात बसलेली माणसं आमची चालू लिफ्ट बघून चिडायची. आधी वसुधाताईंनी घरातले दिवेही चालतील असा मोठा जनरेटर घेतला, मग त्यांच्या मागच्यांनी घेतला, मग सगळा रस्ताच नोएलच्या मागे लागला.

नोएल पेढे घेऊन आला. "साहेब विचारतात, सगळ्या मुंबईत मागणी थंड आणि घाटकोपरलाच एवढी का? काय सांगू त्यांना? तुमची आई, नलिनीमावशी?"

मी म्हटलं, "तेच सांग."

त्या रविवारी एकूण एक इमारतीने एकाच वेळी मेन स्विच बंद केला. नोएलही आमच्या कंपाउंडात येऊन उभा राहिला होता. सगळ्या रस्त्याचे जनरेटर एकदम सुरू झाले आणि सगळ्या खिडक्या पुन्हा उजळल्या. मी वर फोन लावला.

"खंय गेली लाईट?" आई म्हणाली. "सगळीकडे तर आसा."

मी कपाळाला हात लावून पायरीवर बसलो. मी हरलो होतो. आवाज असा, की शेजारचा काय बोलतो ते कळेना. धुराने पोरंबाळं खोकायला लागली, कुत्री रस्ता सोडून पळाली.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. आत आई उभी होती. हातात पळी, केस सुटलेले.

"बंद करा रे ता," ती ओरडली. "कान फुटले माजे."

कंपाउंडात कुणी हललं नाही. नोएलने तोंड उघडलं, तर मी त्याच्या पायावर पाय दिला. आईने आजूबाजूला बघितलं. मग मागे वळून लिफ्टकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. माझे डोळे भरून आले होते. ते धुरामुळे नव्हतं.

तिने पळी माझ्या हातात दिली, केस बांधले आणि फाटकातून पलीकडच्या इमारतीकडे चालायला लागली. मी मागोमाग गेलो.

शांताबाई दाराकडेच बघत होती. तिने आईचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"इतके दिवस खंय होतंस गे?"

आई तिच्या कानाशी वाकली. "लाईट जावची वाट बघत होतंय."